आईबद्दल पाच मिनिटं बोलायचं आहे

ताई, सलाम.

माझी आई मागच्या वर्षी गेली. सत्त्याहत्तर वर्षांची होती. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. बाबा लवकर गेले, तेव्हा मला आणि दादाला तिने एकटीनेच वाढवलं. उरलेला सगळा वेळ चर्चला. पेठेतल्या आमच्या मराठी मंडळीत तिला सगळे ‘सिस्टरबाई’ म्हणायचे. रविवारची उपासना, बुधवारची घरगुती प्रार्थना, महिला संघ, नाताळच्या आधी संडे स्कूलच्या मुलांचं नाटक, यातलं एकही तिने कधी चुकवलं नाही. तिची आजी केडगावच्या, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, असं ती सांगायची.

पुढच्या महिन्यात पहिला स्मृतिदिन आहे. त्या रविवारी उपासनेत पाच मिनिटं आईबद्दल बोल, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं आहे. अडचण अशी की मी बरीच वर्षं चर्चला जात नाही. माझं लग्न हिंदू घरात झालं. त्यावरून आई दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. मुलगी झाली तेव्हा नानकटाईचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि मग तो विषय आमच्यात कधीच निघाला नाही.

दादा म्हणतो, ‘आई प्रार्थनाशील होती, प्रेमळ होती, तिने कधी कुणाला दुखवलं नाही, एवढं बोल आणि खाली बस.’ पण ताई, आई रागीट होती. भयंकर रागीट होती. आणि माझ्या बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री मला ताप असताना ती कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला गेली होती, हे मी अजून विसरलेले नाही. सगळे म्हणतात, ‘आई प्रभूच्या घरी सुखात आहे.’ मला ते म्हणता येत नाही. तिथे उभं राहून ते म्हटलं नाही तर तिचा अपमान होईल का? मी सरळ नकार देऊ का? की दादा म्हणतो तसं बोलून मोकळी होऊ?

– एक लेक, पुणे

प्रिय भगिनी,

नकार देऊ नका. आणि दादा म्हणतात तसं बोलून मोकळ्याही होऊ नका. त्या चर्चमध्ये सिस्टरबाईंना ओळखणारे पुष्कळ असतील. पण रात्रपाळीहून घरी आल्यावर त्या आधी काय करायच्या, पगाराच्या दिवशी काय आणायच्या, कोणत्या गोष्टीवरून त्यांचा आवाज चढायचा, हे सांगू शकणारी माणसं जगात दोनच उरली आहेत, आणि त्यातल्या एकाने आधीच अंग काढून घेतलं आहे.

लहानपणापासून मी स्मरणाच्या उपासनांना बसत आले आहे. तिथे जे बोललं जातं ते ठरलेलं असतं. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, प्रार्थनाशील. माणूस बदलतो, शब्द तेच राहतात. ते खोटे असतात असं मी म्हणत नाही, पण ते कुणाच्याही आईला चालतात. बाहेर चहाच्या वेळी त्यातलं एक वाक्यही कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. मग एखादी म्हातारी उठते आणि म्हणते, ‘माझी सून बाळंतपणात अडली होती तेव्हा ही बाई रात्रभर उशाशी बसून होती,’ आणि मागच्या बाकावरची माणसंही पुढे वाकून ऐकू लागतात.

तुमच्या आईच्या पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलातच, याचा एक नमुना आहे. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. यापो गावात टबीथा नावाची एक शिष्या होती, तिलाच दुर्कस म्हणत. ती आजारी पडून वारली. प्रेषित पेत्राला बोलावणं गेलं. तो माडीवर आला तेव्हा गावातल्या विधवा रडत उभ्या होत्या आणि दुर्कसने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवत होत्या. ती फार चांगली होती, असं त्या बायका म्हणाल्याचं तिथे कुठे लिहिलेलं नाही. त्यांनी कपडे दाखवले. तुमच्या पाच मिनिटांत हेच करायचं आहे. आईने काय केलं ते दाखवा. ती कशी होती हे ऐकणाऱ्यांना आपोआप कळेल.

त्याच शास्त्रातल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय काढून बघा. आईच्या अंत्यविधीला तो वाचला गेला असण्याची शक्यता बरीच आहे, कारण आपल्याकडे आईच्या वेळी बहुतेक तोच वाचतात. सद्गुणी स्त्रीबद्दलचा तो भाग बावीस ओळींचा आहे आणि मूळ इब्रीत त्यातली प्रत्येक ओळ वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते. लेकरांना तोंडपाठ व्हावं म्हणूनच तशी रचना केली असावी, असं मला नेहमी वाटतं. पण त्यात काय आहे बघा: ती लोकर आणि ताग मिळवते, पहाट व्हायच्या आत उठून घरच्यांच्या जेवणाचं बघते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, तिचा दिवा रात्री विझत नाही, गरिबाला हात देते, कमरपट्टे करून व्यापाऱ्याला विकते. परमेश्वराचं भय बाळगणारी, हे शब्द येतात ते अगदी शेवटाकडे. म्हणजे तिच्या भक्तीबद्दल बोलायच्या आधी त्या लिहिणाऱ्याने तिचे हात दिवसभर काय करत होते ते सांगितलं. तुमच्या आईच्या बाबतीत तर रात्रपाळीसुद्धा आहे.

आता रागाचं. ‘आईने कधी कुणाला दुखवलं नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून बाहेर पडलं तर ज्यांना त्यांचा राग ठाऊक आहे ते तुमचं पुढचं काहीच खरं धरणार नाहीत. आणि त्यांचा राग ठाऊक नसलेला माणूस त्या मंडळीत सापडणं कठीण, कारण मुलांचं नाटक बसवणाऱ्या बाईचा राग संडे स्कूलमध्ये शिकलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात याबाबत मोठं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी आपले पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा तापटपणा, विसराळूपणा, न सांगता घरातून निघून जाणं, काही म्हणता काही झाकलं नाही. म्हणून टिळकांबद्दलचा वाचकाचा आदर कमी झाला का? उलट ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शाळेत शिकलेला माणूस लक्ष्मीबाईंमुळे आपल्या घरातला वाटू लागला. ते लिहिताना त्यांचं प्रेम पानापानांत दिसतं, आणि त्यांनी काही लपवलं नाही म्हणूनच आपण त्या प्रेमावर विश्वास ठेवतो.

तेव्हा रागाचं एक उदाहरण ठेवा. एकच. असं निवडा की राग कशासाठी होता हे त्यातून दिसेल. कुणी औषधाचा डोस अर्धवट सोडला म्हणून असेल, दानाच्या पैशांचा हिशेब लागेना म्हणून असेल, नाटकातल्या मेंढपाळाने पाठांतर केलं नव्हतं म्हणून असेल. ते कोणतं हे तुम्हालाच ठाऊक.

बारावीच्या त्या रात्रीबद्दल मी जरा थांबून लिहिते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात दुखरी ओळ तीच आहे. ताप आलेली मुलगी, सकाळी पेपर आणि आई घरात नाही. ही तक्रार खरी आहे. तिच्यावर ‘पण ती देवाचं काम करत होती’ असं पांघरूण घालायला मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला घालूही देऊ नका. तरी एक करा. त्या रात्री ती कुणाकडे गेली होती ते शोधा. तुम्ही ‘कुणाच्या तरी घरी’ असं लिहिलं आहे, म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला ते ठाऊक नाही. घरगुती प्रार्थना म्हणजे नुसती गाणी आणि वचनं असं बाहेरच्यांना वाटतं. पण मंडळीत एखादी नर्स असली की तिच्या पिशवीत पवित्र शास्त्र आणि उपासना संगीताच्या पुस्तकाशेजारी बीपीचं यंत्र असतं. अशा सिस्टरबाई मी जवळून पाहिल्या आहेत. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी घरातले दोन-तीन म्हातारे बाही वर करून बसलेले असतात. प्रार्थना झाल्यावर कुणाची जखम उघडून बघायची, कुणाच्या गोळ्या सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या करून कागदाच्या पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे, म्हणजे अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळावं. नऊला संपायची ती प्रार्थना अकराला संपते ती यामुळे. तुमची आई त्या रात्री नेमकं काय करत होती ते मी सांगू शकत नाही. मंडळीतल्या तिच्या वयाच्या बायका कदाचित सांगू शकतील. समजा कळलं की ती कुणाच्या मरणाच्या घरी होती, तरी तुमचा ताप काही खोटा ठरत नाही. फक्त त्या रात्रीची दुसरी बाजू तुमच्या हाती येईल, आणि इतक्या वर्षांनी ती हाती असणं बरं.

म्हणून लिहायला बसण्याआधी एका बुधवारी महिला संघातल्या दोघी-तिघींकडे जा. फोनवर विचारू नका. फोनवर सगळे ‘फार चांगल्या होत्या हो’ एवढंच म्हणतात. त्यांच्या घरी जाऊन बसा, चहा होऊ द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायची परवानगी घ्या आणि नेमकं विचारा. पहिल्यांदा तुम्ही तिला कुठे पाहिलंत? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल, ती कुठे होती असं कधी बोलली का? कोणतं गीत तिला आवडायचं आणि कोणत्या गीताला ती वरच्या पट्टीत जायची? तुमच्यावर कधी रागावली का? तुमच्या घरी ती कधी आली, कोण आजारी होतं? पुण्याच्या पेठांत वाढलेल्या त्या पिढीच्या बायकांना पानशेतचं नाव काढलं की अख्खं बालपण आठवतं, त्या एका प्रश्नावर तासभर जाईल. जाऊ द्या.

घरी आईचं पवित्र शास्त्र असेलच. ते हातात घेऊन पान पान उलटा. आपल्या आया त्यात काय काय ठेवतात: जुन्या उपासनेचे कागद, दफनविधीचं कार्ड, मुलाच्या शाळेची पावती, सुकलेलं फूल, पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आणि रेघेशेजारी तारीख. अशा एका तारखेवर मला फार विश्वास असतो. कोणत्या वर्षी कोणत्या वचनाखाली त्यांनी रेघ ओढली ते त्यांच्या डायरीसारखंच आहे, आणि तुमच्या अबोल्याच्या त्या दोन वर्षांतल्या तारखाही तिथे असतील. त्या एकट्याने बघा. जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न यांच्या नक्की तारखा हव्या असतील तर चर्चच्या रजिस्टरमध्ये मिळतील. एक लक्षात असू द्या, १९७० साली वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी जुन्या मिशनच्या नावाच्या रजिस्टरात असू शकतात. पाळकसाहेबांना किंवा सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, ऐनवेळी ती कपाटं कुणी उघडत नाही.

केडगावचा उल्लेख तुम्ही एका ओळीत करून सोडून दिलात. तो सोडू नका. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून पंडिता रमाबाईंनी उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या. त्यांना जेवू घातलं, शिकवलं, विणकाम-शिवणकाम, छापखान्याचं कामही दिलं. आईची आजी त्या मुलींपैकी असेल, तर तुमच्या घराण्याची ख्रिस्ती ओळख सुरू होते ती एका भुकेल्या मुलीला मिळालेल्या जेवणापासून. नातीला हे ऐकत मोठं व्हावं लागलं असेल. मग आजाऱ्याच्या घरी अवेळी जाण्याची तिची सवय कुठून आली याचा एक धागा तुम्हाला मिळतो. खात्री नसेल तर ‘आई सांगायची की’ असं म्हणून सांगा, तेवढं पुरेसं आहे. पवित्र शास्त्रात प्रेषित पौल आपला शिष्य तीमथ्य याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाची आठवण काढताना आधी त्याची आजी लोईस आणि मग आई युनीके यांची नावं घेतो. तुमच्याही घरात ती साखळी बायकांचीच आहे.

या निमित्ताने मनात बरेच दिवस असलेलं एक बोलते. पुण्यात मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना पंचहौद मिशनचा १८९० चा चहा आठवतो. लोकमान्य, रानडे, मिशनात चहा घेतल्यावरून बहिष्काराचा आणि प्रायश्चित्ताचा तो सगळा ग्रामण्याचा वाद. तो इतिहास मोठाच आहे. पण त्या वादाच्या गोष्टीत ख्रिस्ती माणसं फक्त चहा देणारी म्हणून येतात. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत याच गावात ज्यांनी रुग्णालयांच्या वॉर्डांत रात्री काढल्या, म्युनिसिपालिटीच्या शाळांत पाढे शिकवले, त्या ख्रिस्ती बायकांबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही. तुम्ही पाच मिनिटं नीट बोललात तर निदान एकीची नोंद होईल. बोललेलं नंतर टाइप करून ‘ज्ञानोदय’ला पाठवता आलं तर बघा. १८४२ पासून चालत आलेलं ते पत्र आहे, आपल्या आयांच्या आठवणींना त्यात जागा असायला हवी.

विश्वासाचं तुम्ही विचारलंत. तुम्हाला जे वाटत नाही ते देवाच्या घरात उभं राहून बोलू नका. आईचा अपमान त्याने जास्त होईल. मात्र आईला काय वाटत होतं ते पूर्ण मोकळेपणाने सांगा. ‘आई प्रभूच्या घरी आहे’ याऐवजी ‘आपण प्रभूच्या घरी जाणार आहोत यावर आईचा पक्का भरवसा होता, शेवटच्या आजारातही तो हलला नाही’ असं म्हणा, जर ते तसं असेल तर. हे शंभर टक्के खरं आहे, तुम्हालाही म्हणता येतं आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या मैत्रिणींनाही तेच ऐकायचं असतं. तिचा विश्वास हा तुमच्या आईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा भाग होता. तो तुमचा नसला तरी तुम्ही तो रोज पहाटे पाहिला आहे. गुडघे टेकून बसलेली आई किती वाजता दिसायची, दिवा लावलेला असायचा का, ती मोठ्याने प्रार्थना करायची की पुटपुटायची, त्यात तुमचं नाव यायचं का? हे सांगायला तुम्हाला विश्वास लागत नाही. फक्त आठवावं लागतं.

अबोल्याची दोन वर्षं मात्र त्या भाषणात आणू नका. आई उत्तर द्यायला तिथे नाही, आणि भरल्या चर्चमध्ये ते निघालं की अर्धे लोक तुमची बाजू घेतील, अर्धे तिची. ते तुमचं दोघींचं आहे. नानकटाई मात्र जरूर आणा. ‘माझी मुलगी झाली तेव्हा आई नानकटाईचा डबा घेऊन दारात आली,’ इतकंच. ज्यांना मागचं माहीत आहे त्यांना सगळं कळेल, ज्यांना नाही त्यांना एक प्रेमळ आजी दिसेल, आणि दोन्ही खरंच आहे. तो डबा कसा झाला असेल तेही सांगा. घरी तूप-साखर हाताने फेसायची, पीठ मळायचं, ताटात गोळे मांडायचे, वर अंगठ्याने दाबायचं, मग ताटावर फडकं टाकून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं आणि आपल्या ताटाची चिठ्ठी सांभाळत तासभर उभं राहायचं. नाताळात त्या भट्टीबाहेरची रांग तुम्ही आईबरोबर पाहिलीच असेल. नाताळ नसतानाही ती रांगेत उभी राहिली, तुमच्याकडे येण्यासाठी. दोन वर्षांच्या अबोल्यावर ही बाई तोंडाने माफी मागणाऱ्यातली नव्हती. तिने पीठ मळलं.

ज्या गोष्टी चर्चमध्ये बोलायच्या नाहीत त्या वेगळ्या कागदावर लिहा: अबोला, बारावीची रात्र, शेवटच्या दिवसांत जे बोलायचं राहून गेलं ते. हा कागद तुमच्या मुलीसाठी. तिला आजी नानकटाईपासून पुढे माहीत आहे. मागची आजी तिला आज ना उद्या विचारावीशी वाटेल, तेव्हा तुमच्या आठवणी आजच्याइतक्या ताज्या नसतील.

बोलण्याच्या तयारीचं थोडक्यात. पाच मिनिटं म्हणजे सावकाश बोलल्यावर साधारण पाचशे शब्द, फुलस्केपची दोन पानं. त्यात दोन-तीन प्रसंगच बसतात, चौथा घालू नका. जन्म, शिक्षण, नोकरी यांची यादी पहिल्या चार वाक्यांत उरका, किंवा पाळकसाहेबांना आधी सांगायला सांगा. मोठ्या अक्षरात लिहा, घरी दोनदा मोठ्याने वाचा. कुठल्या वाक्याला गळा दाटतो ते तिथे कळेल. ते वाक्य काढू नका, त्याच्या आधी एक घोट पाणी प्या. आणि तरी रडू आलं तर येऊ द्या, समोर बसलेल्या बायका थांबतील तुमच्यासाठी.

तुमचे यजमान आणि मुलगी त्या दिवशी पुढच्या बाकावर तुमच्याजवळ बसू देत, मागे कुठेतरी नको. त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, आहे का ते आधी विचारून घ्या. बऱ्याच मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. असेल तर ज्यांनी पुढे जायचं नाही त्यांनी शांतपणे बसून राहायचं, एवढं घरून सांगून न्या, म्हणजे सगळे उठल्यावर त्यांची चलबिचल होणार नाही. मुलीला आजीच्या फोटोला हार घालायचा असेल तर पाळकसाहेबांना विचारा. प्रत्येक चर्चची रीत वेगळी असते, कुठे फोटो वेदीजवळ ठेवत नाहीत, बाजूच्या टेबलावर ठेवतात.

राहिले दादा. ‘एवढं बोल आणि खाली बस’ असं म्हणणाऱ्या माणसाला आईबद्दल काही वाटत नाही असं मी मानत नाही. बाबा गेल्यावर घरातला पुरुष म्हणून लहानपणीच ज्याला वागावं लागलं, त्याला चार लोकांत आईचं काही निघू नये असंच वाटणार. त्यांच्याशी वाद घालू नका. लिहून झालं की त्या रविवारच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि कागद त्यांना वाचून दाखवा. रागाचा जो प्रसंग निवडाल तो त्यांना विचारून निवडा, कारण त्या रागाचे धपाटे त्यांनीही खाल्लेले असणार, आणि तुमच्याकडे नसलेला एखादा चांगला प्रसंग त्यांच्याकडे असू शकतो. त्यांना एखादं वाक्य अजिबात नको असेल तर एक वाक्य सोडायची तयारी ठेवा, प्रसंग सोडायची नको. आणि गीत त्यांना निवडू द्या. उपासना संगीतात रेव्हरंड टिळकांची इतकी भजनं आहेत, आई घरकाम करताना त्यातलं एखादं गुणगुणत असणारच. कोणतं ते तुमच्यापेक्षा त्यांना आठवत असेल. पेटी वाजवणाऱ्यांना त्याचा क्रमांक निदान आठवडाभर आधी कळवा, म्हणजे चाल बसवायला त्यांना वेळ मिळेल. पाळकसाहेबांना तुमचा होकार मात्र आजच कळवा.